झील धरणारा ट्रम्पेट

1951 च्या ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटातलं ‘शोला जो भडके’ हे लता मंगेशकर आणि चितळकर यांचं द्वंद्वगीत, असं आपण म्हणतो. नीट कान दिला तर त्यात गाणारे दोन नाहीत, तीन आहेत. तिसऱ्याला शब्द नाहीत. पहिल्या दोघांनी ओळ सोडली की तो ती उचलतो, जरा वाकवतो आणि परत त्यांच्या हाती देतो. शाहिरामागे उभे राहणारे झीलकरी किंवा तमाशातला सुरत्या हेच काम करतात. शाहीर ओळीचं टोक सोडतो आणि झीलकरी ते जमिनीवर पडू देत नाहीत. ‘अलबेला’त ही झील ट्रम्पेटने धरली आहे. ती धरणाऱ्या माणसाचं मंचावरचं नाव चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, जन्म 1916 चा.

आधी गाण्याकडे पाहू. मुखड्याची बांधणी फार हुशार आहे. पहिल्या दोन तुकड्यांना यमकाने बांधलेलं आहे आणि दोन्ही आखूड आहेत. एक तुकडा म्हटला, थांबा. दुसरा म्हटला, थांबा. मग तिसरा लांबलचक, एका दमात धावणारा. दोन पायऱ्या चढून एकदम सपाटीवर पळत सुटावं, तशी ही चाल आहे. राजेंद्र कृष्ण यांचे शब्द काही थोर काव्य नाही, आणि त्यांनाही तसं म्हणायचं नसावं. पण तुकडे कुठे तोडायचे हे गीतकाराला आणि संगीतकाराला पक्कं ठाऊक होतं. त्या दोन थांब्यांमध्येच गाण्याचा जीव आहे. हिंदी चित्रपटगीतात तोवर दोन ओळींमधली जागा व्हायोलिनच्या ताफ्याने किंवा बासरीच्या एखाद्या हरकतीने भरून काढली जाई. इथे ती जागा भरलेली नाही, वाजवलेली आहे. बोंगोचा ठेका त्या फटीतून वर येतो आणि ऐकणाऱ्याचा खांदा आपोआप हलतो. गळा गप्प असतो तेव्हाच अंग नाचतं. नाचाचं गाणं कसं रचावं याचा हा धडा आहे, आणि तो दोन सेकंदांच्या शांततेत मावलेला आहे.

या गाण्याचा वाद्यमेळही वाचण्यासारखा आहे: बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरनेट, सॅक्सोफोन. सतारही नाही, सारंगीही नाही. यातली बहुतेक वाद्यं फुंकायची, म्हणजे श्वासावर चालणारी. तंतुवाद्याला दम लागत नाही. गज फिरत राहिला की सूर चालू राहतो. फुंकणाऱ्याला मात्र गवयासारखाच श्वास घ्यायला थांबावं लागतं. म्हणून या गाण्यात वाद्यं आणि गळे एकाच लयीत दम घेतात असं वाटत राहतं, आणि म्हणूनच ट्रम्पेटचं उत्तर हे ‘पार्श्वसंगीत’ न वाटता बोलणं वाटतं.

गाणाऱ्यांचंही जमून आलं आहे. चितळकर म्हणजे खुद्द संगीतकार सी. रामचंद्र. पुणतांब्याला 1918 साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर पडद्यावर आपल्या नावाचे दोन भाग करून वापरत. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर. त्यांचा गळा मोठा नव्हता. तलम होता, जरा नाकात जाणारा, आणि त्यात कसलाही आव नव्हता. शेजारच्या खोलीतल्या माणसाने गुणगुणावं तसा. लता तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होती आणि तिच्या आवाजात पाऱ्यासारखी चपळाई होती. असल्या जोडीत गायक गायिकेला उत्तर द्यायला कमी पडतो, हे संगीतकाराला स्वतःबद्दल माहीत असणारच. ती कमी ट्रम्पेटने भरून काढली आहे असं मला फार वर्षं वाटत आलं आहे. चितळकर सवाल सोडतात आणि त्यांच्या आवाजाला नसलेली धार पितळेतून येते.

पडद्यावर भगवान. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना भगवानदादांबद्दल थोडा जास्त जिव्हाळा वाटतो, कारण भगवान आबाजी पालव यांचा जन्म 1913 साली अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. पुढे मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा गडी. ना रूप, ना उंची. नाच म्हणाल तर कोपरात वाकवलेले हात पुढे धरून, पाय फारसे न उचलता, अंग हेलकावत राहायचं. नृत्याच्या एकाही शाळेत हे शिकवत नाहीत. पण गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत, शिमग्याला साधा माणूस जो नाचतो तो असाच नाचतो. गर्दीत हातपाय फेकायला जागा नसते, म्हणून हालचाल आखूड. भगवानच्या नाचाचं मर्म हेच की तो ओळीवर नाचतच नाही, तो दोन ओळींमधल्या थांब्यावर नाचतो. म्हणजे जिथे ट्रम्पेट आणि बोंगो बोलतात तिथे. नायिका गीता बालीने हे ओळखलं होतं. ती त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी चांगली नाचणारी, पण या गाण्यात ती त्याच्या मापात राहते, डोळ्यांनी खेळते, त्याला मागे टाकत नाही.

आता चिककडे वळू. बारदेश तालुक्यातलं हळदोणे हे गाव पोर्तुगीज अमलातलं. त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळेतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन वाचायला, कोरसमध्ये गायला, व्हायोलिन धरायला शिकवत. चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी सूर लागावेत म्हणून दिलेलं हे शिक्षण. पण गोव्यात पोट भरण्याची साधनं तुटपुंजी, आणि पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात लष्करी बँड, मूकपटांची थिएटरं, बोटी, हॉटेलं, संस्थानिकांचे दरबार. कागदावरचं संगीत पाहून लगेच वाजवू शकणारा माणूस सगळीकडे हवाच होता. गोव्याच्या चर्चने देवासाठी घडवलेले वादक मुंबईच्या धोबीतलावावरच्या गावकऱ्यांच्या कुडांत येऊन राहू लागले आणि रात्री नाचघरांत वाजवू लागले.

ते नाचघर म्हणजे कोणतं? त्यातलं सगळ्यात मानाचं ‘ताजमहाल हॉटेल’. 1935 साली लिऑन अ‍ॅबी आपला आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा ताफा घेऊन तिथे आला आणि अस्सल जॅझ मुंबईने समोर बसून ऐकला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. गोव्याची पोरं त्यांच्यासोबत वाजवून, त्यांच्या पाठीमागे बसून शिकली. इथे माझ्यासारख्या खामगावकराला थोडं आडवं जाऊ द्या. ‘ताज’ 1903 साली उघडलं ते जमशेटजी टाटांनी बांधलं, आणि त्यांची मोठी मिळकत उभी राहिली ती 1877 साली नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या सुतावर. सूत कशाचं? या मुलखातल्या कापसाचं. जलंब ते खामगाव हा आमचा इवलासा रेल्वेफाटा 1870 साली टाकला गेला तोदेखील माणसांसाठी नव्हे, बाजारातल्या रुईच्या गाठींसाठी. तेव्हा मुंबईचा जॅझ आणि वऱ्हाडचा कापूस यांचं नातं आपण समजतो तितकं लांबचं नाही. नाचघराची फरशी कोणाच्या घामाने चकाकत होती हे तिथे नाचणाऱ्यांच्या गावी असण्याचं कारण नव्हतं. पण त्याच कापसाच्या गिरणीत राबणाऱ्या बापाचा अमरावतीचा मुलगा पुढे त्या नाचघरातलं संगीत पडद्यावर आणून चार आण्याच्या प्रेक्षकाला वाटून टाकणार होता, हा हिशेब मला फार आवडतो.

चिकने आपला गुरू लांबून निवडला. लुई आर्मस्ट्राँग. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्याने ट्रम्पेटची फेक उचलली, गाताना तो खरखरीत गळाही उचलला, मंचावरचा वावरही उचलला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात मसुरी, असा त्या काळच्या नाचपथकांचा वार्षिक फेरा असे, कारण पैसेवाला श्रोता उन्हाळा लागला की डोंगरावर जाई. चिकचं पथकही त्याच फेऱ्यातलं. नक्कल म्हणून याला नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण महाराष्ट्रात एक अख्खी पिढी बालगंधर्वांची नक्कल करत गायला शिकली आणि त्यातूनच काहींना आपला गळा सापडला, हे विसरून कसं चालेल? प्रश्न नक्कल केली का हा नसतोच. नक्कल कुठे नेली, हा असतो.

ट्रम्पेटबद्दल एक गोष्ट जवळून सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या वाद्याला फक्त तीन कळा. तिन्हींच्या दाबण्या-सोडण्याचे मेळ मोजून आठ. सप्तकाचे सगळे सूर तेवढ्यातून काढायचे म्हणजे बाकीचं काम ओठांनी करायचं. तीच कळ दाबून ओठ घट्ट केले की सूर वर जातो, सैल केले की खाली उतरतो. लष्करी बँडच्या शिस्तीत शिकलेला वादक हे सूर सरळ, कवायतीच्या पावलासारखे टाकतो. जॅझवाला ते वाकवतो. सुरावर खालून चढतो, शेवटी त्याला हलकी थरथर देतो, कधी कळ अर्धीच दाबून एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातो. आता हे वर्णन एखाद्या गवयाला ऐकवा. तो म्हणेल, ही तर मींड. हिंदुस्थानी चालीला सरळ, टोकदार सूर बोचतात. तिला वाकणारा सूर लागतो. म्हणून मिलिटरी बँडचा ट्रम्पेट हिंदी गाण्यात पाहुण्यासारखा अवघडून बसतो आणि चिकसारख्या जॅझवाल्याचा घरच्यासारखा मांडी घालून बसतो. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी सूर वाकवला तो आपल्या दुःखासाठी, आपल्या चर्चमधल्या गाण्यासाठी. त्याचा उपयोग पुणतांब्याच्या माणसाच्या चालीला होईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

हॉटेलातला वादक चित्रपटात का आला, त्याचं कारण मात्र साधं आहे. इंग्रज गेले, संस्थानं गेली, आणि मुंबई इलाख्यात 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली. पेला गेला तशी नाचघराची रयाही गेली. त्याच सुमारास चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद मोठे होत होते आणि त्यांना स्वरलेखन वाचणारे लोक हवे होते. रेकॉर्डिंगला एक-दोन माइक, मोजका वेळ, आणि तव्याच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. गोव्याच्या वादकासमोर कागद ठेवला की तो पहिल्याच वाचनात वाजवायचा. हॉटेलात ज्याला एका गाण्यावर मनसोक्त फिरायची मुभा होती, त्याला इथे दोन ओळींच्या मध्ये चार-आठ मात्रा मिळत. काहींना हे कोंडल्यासारखं वाटलं असणार. चिकचं वेगळेपण असं की एवढ्याशा जागेतही तो पूर्ण वाक्य बोलून जातो. त्याची फेक लांब नसते. सुरुवात ठसठशीत, मधे एक वळण, आणि संपताना पुढच्या ओळीचा सूर हातात देऊन तो बाजूला होतो. गायकाला पुढची ओळ उचलणं सोपं जातं. हा गुण साथसंगतीतला आहे, आपण चांगल्या तबलजीत तो शोधतो.

सी. रामचंद्रांना असा माणूस हवा होता. त्यांचं शिक्षण पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे झालेलं, म्हणजे मूळ बैठक पक्की रागदारीची. पण कान उनाड. 1947 च्या ‘शहनाई’त (नाव बघा!) ‘आना मेरी जान संडे के संडे’ या गाण्यात त्यांनी गिटार, हार्मोनिका आणि चक्क शीळ वापरली. 1950 च्या ‘समाधी’त ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ आलं, तेव्हा चिक त्यांचा सहायक होता. हे गाणं एडमंडो रॉसच्या लॅटिन चालीवरून उचललेलं आहे, आणि ते तसं ऐकूही येतं. लता आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी ते झकास गायलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, पण त्यात मला उसनवारीचा कडकपणा जाणवतो. कपडा दुसऱ्याच्या मापाचा आहे. ‘शोला जो भडके’ त्याच लॅटिन ठेक्याच्या अंगणात वाढलेलं असूनही तो कडकपणा त्यात उरलेला नाही. मधल्या वर्षभरात या दोघांनी नेमकं काय बदललं? माझ्या कानाला वाटतं ते असं: ‘गोरे गोरे’त ठेका चालीला ओढून नेतो आणि ‘शोला’त चाल ठेक्याला खेळवते. चालीने देशी वळणं घेतली आणि परकेपण सगळं वाद्यांकडे सोपवलं. ट्रम्पेटला परका राहायची मुभा मिळाली आणि तिथेच तो घरचा झाला.

‘दीवाना ये परवाना’त तर रंगमंच पुरता जॅझवाल्यांच्या ताब्यात आहे. ‘अलबेला’ची गोष्टच नाटक कंपनीतली. बहिणीच्या लग्नासाठी पैशाची निकड असलेला प्यारेलाल नट व्हायचं स्वप्न बघतो, त्यामुळे गाण्यांना मंच आपसूक मिळतो. याच चित्रपटात चिक आणि त्याचं पथक झालरींच्या बाह्यांचे लॅटिन अमेरिकी थाटाचे कपडे घालून पडद्यावर दिसतं. त्या काळी वादक दिसणं ही दुर्मीळ गोष्ट होती. पडद्यावर कोणीतरी नट रिकामी बासरी ओठांना लावी आणि खरा बासरीवाला स्टुडिओतून ट्रॅम पकडून घरी जाई. संगीतकाराने आपल्या सहायकाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, ही मला रामचंद्रांची दिलदारी वाटते. कोणी म्हणेल, हॉटेलातल्या नाववाल्या पथकाची ती जाहिरातही होती. असेल. दोन्ही खरं असू शकतं.

‘अलबेला’ चिकसाठी ऐकताना एक गाणं मुद्दाम ऐकावं, ज्यात तो नाही. ‘धीरे से आजा री’ ही अंगाई. पिलू रागाच्या अंगाने जाणारी ही चाल इतकी साधी आहे की घरोघरच्या आयांनी ती उचलली. तिथे पितळेचा एक सूर लावला असता तरी बाळ दचकून उठलं असतं. रामचंद्रांनी लावला नाही. एकाच चित्रपटात ऐकू येणाऱ्या या दोन गाण्यांमधलं अंतर पाहिलं म्हणजे ट्रम्पेट ही त्यांची लकब नव्हती हे कळतं. कुठे नको हे ज्याला कळतं, त्याच्याच हातून कुठे हवा हे नेमकं ठरतं.

मग श्रेय कोणाचं? मुंबईच्या जॅझवाल्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न उचलून धरला आहे, आणि योग्यच केलं. श्रेयनामावलीत एक नाव, आणि ज्यांनी वाद्यमेळ बांधला, कागदावर उतरवला, वाजवला, ते सगळे ‘सहायक’. काहीजण याच्या पुढे जाऊन म्हणतात की चालीसुद्धा गोव्याच्या लोकांच्याच. हे मला पटत नाही. ‘शोला’च्या मुखड्याचा तिसरा, धावणारा तुकडा रागदारी आणि भावगीत दोन्ही मुरलेल्या गळ्याचा आहे. तो ट्रम्पेटवर सुचलेला नाही. पण पहिल्या दोन तुकड्यांनंतरचे थांबे? थांबून वाद्याला बोलू द्यायचं, हे धाडस जॅझमधून आलं असं माझा कान सांगतो. गाणं त्या दोघांचं आहे. वाटणी करायचीच तर अशी करता येईल: आवाज चालू असतो तिथे रामचंद्र, आवाज थांबतो तिथे चिक. अर्थात इतकी सोपी वाटणी स्टुडिओत कधीच होत नसते.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. चिकला स्वतंत्र संगीतकार म्हणून संधी मिळाली. ‘अलबेला’च्याच वर्षी, 1951 मध्ये, देव आनंद आणि मधुबाला यांचा ‘नादान’ त्याच्या संगीताने आला. पुढे 1952 मध्ये ‘रंगीली’, 1956 मध्ये ‘कर भला’. नावं मोठी होती, गाणी मात्र लोकांच्या ओठांवर ‘अलबेला’सारखी चढली नाहीत. याचं कारण मी त्याच्या गुणातच शोधतो. उत्तर देण्याची असामान्य ताकद असलेल्या कलावंताला आधी सवाल लागतो. स्वतःच दोन्ही बाजूंनी बोलायची वेळ आली की काहींचा सूर अडखळतो. तमाशात हे नेहमी दिसतं. उत्तम सोंगाड्या फडाचा मालक झाला की फड चांगला चालतोच असं नाही. यात कमीपणा काही नाही. चिकच्या सोबतीच्या फ्रँक फर्नांड या ट्रम्पेटवाल्याचा मार्ग वेगळा पडला. त्याने हिंदी स्टुडिओतली कमाई कोकणी चित्रपटात घातली आणि 1963 मध्ये ‘आमचें नशीब’, 1966 मध्ये ‘निर्मोण’ असे दोन चित्रपट उभे केले. आणि अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवाल्याचं नाव लोकांच्या तोंडी आलं ते 1977 साली, त्यांचे शिष्य संगीतकार प्यारेलाल यांनी ते ‘अमर अकबर अँथनी’त गाण्यात घातलं म्हणून. श्रेयनामावलीत न मावलेलं नाव गाण्यातून शिरलं. चिकच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. मे 1967 मध्ये तो गेला, वय पन्नाशीच्या जरासं पुढे. भगवानदादांची सद्दीही तोवर उतरली होती. बंगला आणि गाड्या जाऊन ते दादरच्या चाळीत राहायला आले आणि 2002 साली तिथेच वारले. त्यांच्यावर 2016 मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पोरांना कळलं की वरातीतला आपला नाच कोणाचा आहे.

वरातीचा विषय निघालाच आहे तर गाणं आमच्यापर्यंत आलं कसं, तेही सांगतो. 1952 साली नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ. त्यांना सिनेसंगीताचा आणि त्यातल्या विलायती ठेक्याचा मनस्वी तिटकारा. त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सगळा देश सुई फिरवून सिलोनला चिकटला. ज्या ट्रम्पेटपासून मंत्रिमहोदयांना श्रोत्यांचा कान वाचवायचा होता, तो समुद्रापलीकडून खरखरत रोज घरात येऊ लागला. बंदी घालून एखादं गाणं एवढं लोकप्रिय करण्याचं श्रेय केसकरांना द्यायलाच हवं.

रेडिओवरून ते बँडपार्टीत उतरलं. वऱ्हाडातल्या बँडपार्ट्या म्हणजे मुळात लष्करी बँडचं देशी रूप: झालरीचे लाल कोट, खांद्यावर जरीच्या पट्ट्या, क्लॅरनेट, ट्रम्पेट, मोठा ड्रम, साइड ड्रम, झांज, खुळखुळा. खामगावात ‘अलबेला’तलंच ‘भोली सूरत’ आणि ‘शोला जो भडके’ हे वरातीचे हुकमी एक्के होते. आता डीजेच्या भिंतींनी बँड मागे सारला आहे, तरी ही दोन गाणी अजून अधूनमधून ऐकू येतात. पण ती ऐकताना मला नेहमी एक गोष्ट खटकत आली. बँडमध्ये गायक नाही, म्हणून ट्रम्पेटच गायकाची ओळ वाजवतो. लताची ओळ तोच, चितळकरांची तोच. मग झील कोण धरणार? मूळ गाण्यात जिथे ट्रम्पेट उत्तर देतो तिथे आमच्या बँडमध्ये नुसता ड्रम बडवला जातो. ओळीला ओळ जोडली जाते आणि ते दोन मोलाचे थांबे हरवतात. नाचणारे तरीही नाचतात. पण भगवानचा तो थांब्यावरचा हेलकावा कोणाच्या अंगात येत नाही, सगळे सरसकट उड्या मारतात.

एकदा सराफ्याकडच्या वळणावर वरात खोळंबली होती तेव्हा ट्रम्पेट पुसत उभ्या असलेल्या एका जुन्या बँडमास्तरांना मी हेच बोलून दाखवलं. म्हटलं, मास्तर, एकाने ओळ वाजवायची आणि दुसऱ्याने मधली जागा घ्यायची, असं करून पाहा ना, गाणं एकदम उभं राहील. त्यांना गाणं माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी तिथल्या तिथे मधली फेक हळू आवाजात वाजवून दाखवली, सूर खालून चढवत, शेवटी थरथर देत. मग वाद्य खाली घेतलं आणि म्हणाले, “बराबर हाये भाऊ तुमचं. वाजोता येते आमाले. पन दुसऱ्या ट्रम्पेटचे पैशे कोन देते?”